कोमट म्हणजे किती?

साळुंखेकाका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की चपला काढता काढता विचारायचे, "गरम पाणी किती वेळात येतंय ओ तुमच्याकडं?" मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीतला मराठी माणूस दुसऱ्याच्या घरी गेला की मुलं कुठल्या शाळेच्या झोनमध्ये येतात ते विचारतो, कुठल्या ट्यूशनला जातात ते काढून घेतो आणि चहा पिऊन निघतो. काकांना यातलं काहीच नको असायचं. यजमान हसून "येतं की लगेच" म्हणाले, तर काका हसायचे नाहीत. "लगेच म्हणजे किती?" असं विचारून ते किचनच्या सिंकपाशी जायचे, घरच्याच कुणाला तरी गरम नळ सोडायला लावायचे आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजत उभे राहायचे. एका सत्यनारायणाला आरतीच्या आधी मी त्यांना हे करताना पाहिलंय. गुरुजी थांबले होते.

नळ ते स्वतः कधीच सोडायचे नाहीत. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून त्यांनी मेलबर्नलाही आणलं होतं. त्यामुळे या देशात लायसन नसताना पाण्याच्या पाइपाला हात लावायचा नसतो, हे मुलाने, अभिजीतने, एअरपोर्टवरून घरी येताना सांगितलं, ते त्यांनी लगेच मान्य केलं. इतकं मान्य केलं, की लोकांच्या घरचा साधा नळसुद्धा ते लायसनच्या कामात धरायचे. "मी फकस्त विचारणार. हात तुमचा," असं ते आधीच सांगून टाकायचे. उंच, काटकुळा माणूस. उन्हाळ्यातही स्वेटर, आणि स्वेटरच्या आत शर्टाच्या खिशात चष्म्याची जुनी डबी. डबीत चष्मा नसायचा. काचेचा एक थर्मामीटर असायचा, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, तो कापसात गुंडाळलेला.

त्या थर्मामीटरची गोष्ट मला बरीच नंतर कळली, पण इथेच सांगून टाकते, नाहीतर हा माणूस तुम्हाला नुसता विक्षिप्त वाटेल. मलाही आधी तेच वाटलं होतं. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मालनकाकूंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर काकांनी ठरवलं की हिला आंघोळ मी घालणार. बंबातलं पाणी बादलीत काढलं, त्यात हात बुडवून पाहिला, ठीक वाटलं, आणि काकूंच्या डाव्या पायावर तांब्या ओतला. काकू शेजारच्या लग्नातल्या जेवणाबद्दल काहीतरी सांगत होत्या. त्या सांगतच राहिल्या. काकांनी आणखी तीन तांबे ओतले. पाय पुसायला घेतला तेव्हा कातडी टॉवेलबरोबर आली.

काकूंना डावीकडचं गरम-गार काहीच कळत नव्हतं, आणि चौतीस वर्षं वाफेशेजारी काढलेल्या काकांच्या हातालाही कळत नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी हातावर विश्वास ठेवणं बंद केलं. पाणी अडतीस. अडतीसच्या वर नाही, खाली नाही, आणि रोज सकाळी आंघोळ घालणार ते स्वतः. अभिजीतने दोघांना इकडे आणलं तेव्हाही त्यांची एवढी एकच अट होती.

आमची ओळख झाली ती आमच्या घरच्या कोमट पाण्यामुळे. जुलै महिना होता, म्हणजे इथली ऐन थंडी. माझी मुलगी बारा दिवसांची होती आणि माझं बाळंतपण करायला आई पुण्याहून आली होती. येताना तिने एका बॅगेत डिंक, अळीव, खारीक आणि डोक्यात एक पूर्ण कार्यक्रम आणला होता. त्या कार्यक्रमात सगळ्यात वरचं काम म्हणजे न्हाणं. आधी बाळाचं, मग माझं. तेलाने रगडून, कढत पाण्याने, पाठीवर तांब्यामागून तांबे. आणि आमच्या घरात कढत पाणी येत नव्हतं. इथे घराच्या मागच्या भिंतीवर बाहेरून एक पेटी लावलेली असते; नळ सोडला की आत गॅस पेटतो आणि पाणी तापून येतं. आमच्या पेटीच्या स्क्रीनवर पन्नास दिसायचं, आणि नळाला यायचं ते धड गरम नाही, धड गार नाही असलं काहीतरी.

पहिला प्लंबर आला, मशीन उत्तम आहे म्हणाला आणि गेला. दुसरा म्हणाला मशीन म्हातारं झालंय, बदला. आईने दोघांचंही ऐकून घेतलं आणि गॅसवर चार पातेली चढवली. सकाळी उठून ती ही पातेली फडक्यात धरून किचनपासून बाथरूमपर्यंत न्यायची. आमचा पॅसेज अरुंद, वर बाळाचं सामान जिकडेतिकडे पडलेलं. एके दिवशी मी पाहिलं, ती उकळतं पातेलं घेऊन बाळ ठेवलं होतं त्या चटईला वळसा घालून चालली होती आणि पाणी काठावरून हिंदकळत होतं. मी ओरडले. बाळंतिणीने ओरडू नये वगैरे सगळं विसरून ओरडले. ती पातेलं खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "तुझ्या घरात सगळं ऑटोमॅटिक आहे. फक्त पाणी तापत नाही." मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझी आई बोलली तर सोसवते, गप्प बसली की घर खायला उठतं.

शेवटी मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीने साळुंखेकाकांचा नंबर दिला. मी फोन करून सांगितलं की पाणी कोमट येतंय.

"कोमट म्हणजे किती?"

मी म्हटलं, कोमट म्हणजे... कोमट.

"ते कळलं ओ मला. आकडा सांगा."

माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची आहे. 'चालत नाहीये' ही तक्रार नव्हे, नक्की काय होतं ते लिहा, असं मी गेली अकरा वर्षं लोकांना ऐकवत आलेय. मला फोनवरच लाज वाटली.

शनिवारी अभिजीत त्यांना गाडीतून घेऊन आला. आई चहा टाकायला उठली तर काका म्हणाले, आधी काम, मग चहा. मग त्यांनी आम्हाला डायनिंग टेबलाशी बसवलं आणि प्रश्न सुरू केले. कधीपासून? एका नळाला की सगळ्या? सकाळी पहिला नळ कोण सोडतं? कसा सोडतं, पुरा की जरासा? मी उत्तरं देत होते, ते मान हलवत होते. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला, निखिलला, विचारलं की ह्या महिनाभरात घरात नवीन काय आलं?

निखिल म्हणाला, "बाळ."

"बाळ सोडून?"

निखिलने जरा विचार केला. "सासूबाई."

आई ओट्याशी उभी होती. तिने साखरेचा डबा जरा जोरात बंद केला. काकांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. ते उठून मागच्या अंगणात गेले, आम्ही सगळे मागोमाग, मी बाळाला घेऊन. पेटीत गार पाणी जातं तिथली चावी त्यांनी बोटाने दाखवली आणि निखिलला ती बंद करायला लावली. मग सगळ्यांना पुन्हा आत आणून किचनचा गरम नळ सोडायला सांगितला. पेटीत पाणीच जात नाही म्हटल्यावर गरम नळाला एक थेंब यायला नको. पण नळ धो धो वाहायला लागला. गारढोण पाणी.

"बघा," काका म्हणाले. "मशीन बंद हाय आणि तुमचा गरम नळ चालू. म्हंजे घरात कुठंतरी गार पाणी चोरवाटेनं गरमच्या पाइपात शिरतंय. आता चोर धरायचा."

ते एकेक खोली पाहत गेले. लाँड्री, बाथरूम, शेवटी टॉयलेट. टॉयलेटमध्ये ते गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आम्ही पॅसेजमध्ये ओळीने उभे. मग दार उघडून त्यांनी विचारलं, "हे कुणी बसवलं?"

कमोडशेजारी भिंतीवर एक छोटा मिक्सर नळ होता आणि त्याला धुवायचा जेट जोडलेला होता. भारतातून येणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांसाठी इथे प्रत्येक घरात तो बसतो. फक्त बाकीचे लोक त्याला नुसतं गार पाणी जोडतात. निखिलने व्हिडिओ बघून गार आणि गरम दोन्ही जोडलं होतं, आई यायच्या आदल्याच आठवड्यात. मिक्सर कायम अर्धा उघडा, आणि पाणी थांबायचं ते जेटच्या खटक्याने. मी तेव्हा नववा महिना ओढत होते; आमच्या घरात प्लंबिंग झालंय याचा मला पत्ताच नव्हता. प्लंबरांना निखिलने दाखवलं नव्हतं, कारण विनालायसन केलेलं काम दाखवणार कसं?

काका कुणावर चिडले नाहीत. "गार आणि गरम इथं मधी भेटतंय. फुडं खटका बंद. मग गार पाण्यानं जायचं कुठं? ते गरमच्या पाइपात शिरतंय आणि घरभर फिरतंय." मग निखिलकडे वळून त्यांनी विचारलं, "गरम कशाला जोडलं पण?"

निखिल खाली बघून म्हणाला, "आईंना एवढ्या थंडीत गार पाणी लागू नये म्हणून."

आई वळली आणि चहाचं बघायला गेली. उकळत्या पातेल्यांसाठी ज्या घराला ती बोल लावत होती, त्या घराचं पाणी तिच्याच सुखासाठी बिघडलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून ती निखिलला निखिलराव म्हणायला लागली, आणि डिंकाचा पहिला लाडू त्याच्या हातावर पडायला लागला. बाळंतीण मी होते.

काकांनी सांगितलं की वापरून झालं की मिक्सर पुरा बंद करायचा, आणि लायसनवाल्याला बोलावून ते जोडकाम नीट करून घ्यायचं. मग चहा घेतला. निघताना त्यांनी डबीतून थर्मामीटर काढून बाळाच्या टबात बुडवायला लावला. आई म्हणाली, आम्ही कोपर बुडवून बघतो हो, दोन मुलं वाढवली तशीच. काका म्हणाले, "तुमचं कोपर बरोबरच असंल. माझा हात चुकला होता." आणि जास्त काही न बोलता चपला घालू लागले. गाडीपाशी जाताना मला म्हणाले, "मशीन शहाणंच असतंय, ताई. आधी माणसं बघायची."

त्यानंतर त्यांच्या घरी माझं जाणं-येणं वाढलं. मॅटर्निटी लीव्ह होती, घर चार गल्ल्यांवर होतं, आणि काकूंना बाळ हवं असायचं. त्या खिडकीशी खुर्चीत बसायच्या, उजव्या हाताने बाळाचा पाय धरून ठेवायच्या. बोलणं थोडं जड झालं होतं, जिभेची धार मात्र शाबूत होती. काका फोनवर कुणाला तरी प्रश्न विचारायला लागले की त्या मला सांगायच्या, "चाललं बघ. तिकडं बाई थंडीनं मरंना का, ह्यांना आकडा पायजे." आंघोळीला वेळ लागायचा तेव्हा बाथरूममधून त्यांचा आवाज यायचा, "झालं का मोजून? का मी कोरडीच येऊ भाईर?" आणि काका उत्तर द्यायचे, "साडेसदतीस. थांब."

फोन बरेच यायचे. डँडेनॉन्गला चार पोरं एकत्र राहायची, त्यांचं पाणी रोज मधेच गार व्हायचं. काकांनी तासभर विचारपूस करून निदान केलं की एकाची आंघोळ चालू असताना दुसरा वॉशिंग मशीन लावतो, आणि दुसरा तो मुद्दाम लावतो, कारण पहिल्याने त्याचं दही खाल्लं होतं. पाण्याचं काही नव्हतंच. काकांनी दह्यावर वेगळी नावं घालायला सांगितली.

मुलगी दोन वर्षांची झाली त्या हिवाळ्यात काकांच्याच घरचं पाणी बिघडलं. आंघोळ सुरू असताना मधेच गार यायचं. रोज नाही, आणि काकूंच्याच आंघोळीला. अभिजीत आणि त्याची बायको स्नेहा दोघंही कढत पाण्याने नाहून ऑफिसला जात. काकांनी सगळे नळ तपासले, चोरवाट शोधली, जेट तर त्यांच्याकडे गार पाण्याचाच होता. लायसनवाला येऊन गेला. मशीन उत्तम. तीन आठवडे हे चाललं. एकदा काकू अर्ध्या आंघोळीत कुडकुडायला लागल्या आणि दिवसभर त्यांचं अंग गरम झालं नाही. त्या रात्री अभिजीतने सांगितलं की आता बास. काका शहात्तरचे, गुडघे दुखतात, पाणी धड नाही. सोमवारपासून केअरर येईल, ट्रेनिंग घेतलेली बाई असते, ती आंघोळ घालेल. अभिजीतचं काही चूक नव्हतं, आईला न्यूमोनिया झाला तर काय, ही भीती मला नंतर त्याच्या तोंडावर दिसली.

स्नेहाने मला बोलावून घेतलं, कारण काका जेवत नव्हते. शनिवार होता. मी गेले तेव्हा ते अंगणात पेटीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, स्वेटर, वरून जाकीट. मी म्हटलं, काका, केअररलापण थर्मामीटर दाखवू, ती वापरेल.

"थर्मामीटर वापरंल ती दोन दिवस," काका म्हणाले. "मग हिलाच विचारंल, पाणी बरोबर हाय का म्हणून. ही येस येस म्हणंल. हिला इंग्लिशमधी तेवढंच येतंय. आणि डावीकडचं काय कळतंय हिला?" मग पेटीकडे बघत म्हणाले, "मला एकदा कळलं न्हाई, ताई. त्या बाईला कसं कळंल?"

मला यांत्रिक काहीही कळत नाही. टोस्टर अडकला तर मी निखिलला हाक मारते. पण त्यांचीच पद्धत मला पाठ होती. मी म्हटलं, काका, मशीन शहाणं असतं ना? मग आधी माणूस बघू. तुम्ही रोज करता तसं मला करून दाखवा. ते म्हणाले, त्यात काय दाखवायचं. मी हट्ट धरला. काकू हॉलमध्ये टीव्ही बघत होत्या. अभिजीतला मी बाहेर पेटीपाशी उभं केलं, आवाज ऐकायला.

बाथरूममध्ये काकूंचं स्टूल होतं. काकांनी बाह्या दुमडल्या, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले, आणि हाताचा शॉवर घेऊन नळ सोडला. स्टूल रिकामं होतं, पण त्यांनी शॉवर धरला तो काकूंचा डावा पाय जिथे असतो तिथे, आणि दुसरा हात मधे आडवा, शिंतोडे तोंडावर उडू नयेत म्हणून. पाणी येत होतं एवढंसं. करंगळीएवढी धार. मी विचारलं, रोज एवढंच सोडता?

"जोरात सोडलं की दचकती ती," ते म्हणाले. "मे महिन्यापासनं जास्तच. पाण्याचा आवाज झाला की मला घट्ट धरती. म्हणून जरा बारीक केलं. मग अजून जरा."

मी खिडकीतून अभिजीतला विचारलं, काय ऐकू येतंय? तो म्हणाला, काहीच नाही, आत्ता भुर्र होत होतं, बंद झालं. मी काकांना नळ पुरा सोडायला सांगितला. बाहेरून अभिजीत म्हणाला, पेटलं. बारीक केला. विझलं. तीन वेळा आम्ही ते केलं, आणि तिन्ही वेळा तेच झालं. पाणी फार कमी वाहिलं तर आत गॅस पेटतच नाही, पेटलेला विझतो. लोकांना फोनवर त्यांचा तिसरा की चौथा प्रश्न हाच असायचा, नळ पुरा सोडता की जरासा.

काका शॉवर हातात धरून तसेच बसून राहिले. पाणी रिकाम्या स्टुलावर पडत होतं. "सगळ्या गावाला विचारलं," ते म्हणाले, "माझ्याच घरी विचारायचं ऱ्हायलं." मग ते रडले. फार नाही, पण रडले, आणि मी नळ बंद केला कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

हॉलमधून काकूंचा आवाज आला, "कुणाची आंघोळ चाललीय ओ? मी तर हितं हाय."

उपाय पाच मिनिटांत निघाला, आणि तो निघाल्यावर आम्हाला सगळ्यांनाच जरा मूर्खासारखं वाटलं. त्याच दुपारी मी काकांना घेऊन डँडेनॉन्गला फॉस्टर स्ट्रीटवर गेले. तिथल्या भारतीय भांड्यांच्या दुकानात त्यांनी निळी बादली घेतली आणि स्टीलचा तांब्या. तांब्या त्यांनी चार वेळा बदलून पाहिला, काठ धारदार नको म्हणून. आधी काकू बाहेर असतानाच नळ पुरा सोडून बादली भरायची, अडतीस करायची, नळ बंद करायचा, मग काकूंना आत आणायचं. आवाज नाही, धार नाही. रविवारी सकाळी पहिली आंघोळ झाली. काकू बाहेर आल्या त्या गुलाबी होऊन, आणि म्हणाल्या, "एवढ्या लांब आलो, आणि आलो परत बादलीवरच." अभिजीतने त्याच दिवशी फोन करून केअररला येऊ नको म्हणून सांगितलं.

त्यानंतर काकूंची आंघोळ काकांनी एक दिवसही चुकवली नाही. पुढच्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी काकू झोपेतच गेल्या. सकाळी काकांनी बादली भरली, अडतीस केली आणि त्यांना उठवायला गेले, तेव्हा कळलं.

इथे माणूस गेल्यावर लगेच नेता येत नाही. चार दिवस गेले. फ्युनरल होमवाल्यांनी सांगितलं की घरच्यांना हवं तर शेवटची आंघोळ तिथे घालता येईल. आपल्यात बाईला बायकांनी घालायची असते, म्हणून स्नेहाने मला बोलावलं. पण काका आत येऊन उभे राहिले, बाह्या दुमडलेल्या, हातात निळी बादली आणि तांब्या. त्यांना बाहेर थांबा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

खोली स्वच्छ होती, स्टीलची, गार. तिथली मुलगी पंचविशीची असेल, फार मऊ बोलणारी. काकांनी तिला त्यांच्या इंग्रजीत विचारलं, "हॉट वॉटर, हाउ मेनी मिनिट?" तिला वाटलं त्यांना घाई आहे. ती म्हणाली, नो वरीज, टेक युअर टाइम. काकांनी मान हलवली आणि भिंतीवरचा नळ सोडला. स्वतःच्या हाताने सोडला, पुरा सोडला. ओठ हलत होते. मग बादली भरली, खिशातली डबी काढली, कापूस उलगडला आणि थर्मामीटर पाण्यात धरला.

अभिजीत दाराशी उभा होता. चार दिवस तो सगळ्या फॉर्मवर सह्या करत होता, झोपला नव्हता. तो हळूच म्हणाला, "बाबा, राहू दे ना. आता तिला काय कळणार आहे?"

काकांनी वळून पाहिलं नाही. "आधी तरी कुठं कळत होतं?" ते म्हणाले.

अभिजीत आत आला आणि त्यानेही बाह्या दुमडल्या. काकांनी थर्मामीटर डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी तो माझ्यापुढे केला.

"ताई, बघा किती."

मी पाहिलं. एकेचाळीस होतं. मी सांगितलं, एकेचाळीस. त्यांनी एक तांब्या गार ओतला, ढवळलं, पुन्हा धरला. साडेएकोणचाळीस. अर्धा तांब्या. आम्ही सगळे थांबलो होतो, ती मुलगीसुद्धा भिंतीला टेकून थांबली होती. मी अडतीस म्हटलं तेव्हा त्यांनी थर्मामीटर पुसून कापसात गुंडाळला, डबी खिशात ठेवली आणि काकूंच्या पायावरची चादर बाजूला केली. डाव्या पावलावरची कातडी अजून बाकीच्यापेक्षा फिकट होती. तांब्या भरून त्यांनी तिथूनच सुरुवात केली.